पारप्रकाशित मुद्रित फलक

पारभासी (ज्यातून प्रकाश आरपार जातो, पण पलीकडील वस्तू स्पष्ट दिसत नाही अशा) पृष्ठावर चित्र किंवा मजकूर मुद्रित करून आणि त्याच्या मागील बाजूने प्रकाश सोडून जो फलक दृश्यमान केला जातो, त्यास पारप्रकाशित मुद्रित फलक म्हणतात. दुकानांच्या दर्शनी पाट्या, रेल्वे स्थानके व विमानतळ यांवरील मार्गदर्शक फलक, बसथांब्यांवरील जाहिराती, वस्तुसंग्रहालयांतील चित्रमांडणी इ. ठिकाणी तो सर्रास आढळतो. भारतातील व्यापारी व्यवहारात त्यास ‘ग्लो साइन’ असे नाव रूढ आहे. दिवे व पृष्ठ ज्या चौकटीत बसविलेले असतात, तिला प्रकाशपेटी (लाइट बॉक्स) म्हणतात. समोरून प्रकाशझोत टाकून उजळलेले फलक, तसेच ज्यांत प्रकाशमान नळीच अक्षराचा आकार घेते असे निऑन फलक यांहून हा प्रकार वेगळा आहे.

या फलकाचा इतिहास सामान्यतः दिव्यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मेणबत्ती, वायुदीप, विजेचा तंतुदीप, अनुस्फुरक नळी (ट्यूबलाइट) व प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) असा त्याचा क्रम आहे. तथापि फलक बनविणाऱ्या कारागिरापुढील प्रश्न या सर्व काळात दोनच राहिले आहेत. मागचा दिवा डोळ्यांना न जाणवता केवळ चित्रच कसे दिसावे, हा पहिला प्रश्न. आणि एकच चित्र दिवसा समोरच्या व रात्री मागच्या प्रकाशात सारखेच कसे दिसावे, हा दुसरा. निरनिराळ्या काळांतील साधने भिन्न असली, तरी या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांत मोठे साम्य आढळते.

तत्त्व : कागदावरील छापील चित्र आपण परावर्तित प्रकाशात पाहतो. प्रकाशकिरण शाईच्या थरातून खाली जातो, पांढऱ्या कागदावरून परावर्तित होतो व पुन्हा त्याच थरातून वर येतो. म्हणजे तो शाईतून दोन वेळा जातो. मागून प्रकाश सोडल्यास मात्र तो शाईतून एकदाच जातो. समजा, शाईचा एक थर त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा १/४ भाग पलीकडे जाऊ देतो. तर परावर्तित प्रकाशात तो थर स्थूलमानाने १/१६ इतका उजळ दिसेल व मागील प्रकाशात १/४ इतका. त्यामुळे कागदावर गडद व भरीव दिसणारे चित्र प्रकाशपेटीत लावताच फिके व विरळ दिसू लागते. यावर उपाय म्हणून शाईचा थर दुप्पट केला, तर मागील प्रकाशात अपेक्षित १/१६ हे प्रमाण मिळते. परंतु तेच चित्र दिवसा समोरच्या प्रकाशात सु. १/२५६ इतके म्हणजे जवळजवळ काळे दिसते. रात्रीसाठी सुधारलेला फलक दिवसा बिघडतो व दिवसासाठी केलेला रात्री फिका पडतो, ही या व्यवसायातील मूळ अडचण होय.

दुसरी अडचण प्रकाशाच्या समतेची आहे. दिवा बिंदुरूप किंवा रेषारूप असतो आणि फलकाचे पृष्ठ विस्तृत असते. दिव्याच्या समोरील भाग अधिक उजळ व दोन दिव्यांमधील भाग मंद दिसतो. हा भेद नाहीसा करण्यासाठी दिवे व पृष्ठ यांत पुरेसे अंतर ठेवणे, पेटीचा आतील भाग चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाने रंगविणे आणि दिवा व चित्र यांमध्ये प्रकाश सर्व दिशांना विखुरणारा विसारक पडदा घालणे, असे तीन उपाय आहेत. नळ्यांच्या बाबतीत दोन नळ्यांमधील अंतर हे नळ्या व पृष्ठ यांमधील अंतरापेक्षा फारसे अधिक नसावे, असा कारागिरांचा ढोबळ संकेत आहे. अधिक दाट विसारक वापरल्यास समता वाढते. परंतु प्रकाशही मोठ्या प्रमाणावर वाया जातो.

पूर्वपीठिका : मागील प्रकाशाने चित्र दाखविण्याची कल्पना मुद्रणकलेहून पुष्कळच जुनी आहे. मध्ययुगीन यूरोपीय चर्चवास्तूंतील रंगीत काचचित्रे, उदा., फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलची बाराव्या-तेराव्या शतकांतील गवाक्षे, याच तत्त्वावर आधारलेली आहेत. तेथे आकाश हाच दिवा होय. भारतात छायानाट्याच्या बाहुल्यांत हे तत्त्व स्वतंत्रपणे विकसित झाले. आंध्र प्रदेशातील तोलु बोम्मलाट्टम् या प्रकारात जनावराचे कातडे पारभासी होईपर्यंत खरवडून पातळ करतात, त्यावर रंग भरतात व अलंकारांच्या जागी बारीक छिद्रे पाडतात. मागे दिवा ठेवल्यावर रंग उजळतात आणि छिद्रे रत्नांसारखी चमकतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांची ही परंपरा जतन केली आहे. दिवाळीतील आकाशकंदिलाचा रंगीत कागद हा तर घराघरातील परिचित विसारकच होय.

पारदर्शक चित्रे : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ‘पारदर्शक चित्रे’ या नावाचा एक स्वतंत्र कलाप्रकार लोकप्रिय झाला. प्रख्यात चित्रकार टॉमस गेन्झबरो (१७२७–८८) यांनी १७८१-८२ च्या सुमारास काचेवर तैलरंगांत निसर्गचित्रे रंगवून ती पाहण्यासाठी एक पेटी तयार करविली. तीत चित्रामागे मेणबत्त्या व त्यांचा प्रकाश सौम्य करणारा रेशमी पडदा अशी योजना होती. दिवा, विसारक व चित्र हे प्रकाशपेटीचे तिन्ही घटक तीत स्पष्टपणे आढळतात. ही पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे.

मुद्रित चित्र मागून उजळविण्याचे पहिले पद्धतशीर विवेचन लंडनमधील उत्कीर्णक व प्रकाशक एडवर्ड ओर्म (१७७५–१८४८) यांनी केले. पारदर्शक मुद्रिते व पारदर्शक चित्रे या विषयावरील त्यांचा निबंध १८०७ मध्ये इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत एकत्र प्रसिद्ध झाला. ताम्रपटावरून छापलेले चित्र कागदाच्या दोन्ही बाजूंनी रंगवावे. चंद्र, भट्टी, खिडकी, शेकोटी अशा प्रकाशमान भागांवर रोगण देऊन तेवढाच कागद पारभासी करावा, असे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. छायेचे भाग मागील बाजूच्या दाट रंगाने अपारदर्शक राहत. असे चित्र दिवसा साधे रंगीत मुद्रित म्हणून भिंतीवर शोभे आणि रात्री मागे दिवा ठेवताच त्यातील चांदणे किंवा अग्नी पेटून उठे. पुढचा रंग दिवसासाठी व मागचा रात्रीसाठी, ही श्रमविभागणी येथे प्रथमच मुद्रिताच्या बाबतीत निश्चित स्वरूपात आढळते.

याच काळात सार्वजनिक उत्सवप्रसंगी घरांच्या दर्शनी भागांवर तेल लावलेल्या कापडाची अथवा कागदाची प्रकाशित चित्रे व दिव्यांची अक्षरे लावण्याची प्रथा होती. १८०२ मध्ये आम्यां येथील तहानंतर लंडनमध्ये झालेल्या रोषणाईतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फ्रेंच वकील ओटो यांच्या पोर्टमन स्क्वेअरमधील निवासस्थानावर दिव्यांनी ‘सलोखा’ या अर्थाचा ‘काँकर्ड’ हा शब्द उजळला होता. जमलेल्या खलाशांनी तो ‘जिंकले गेलेले’ या अर्थाच्या, उच्चाराने जवळ असलेल्या इंग्रजी शब्दासारखा वाचला व इंग्लंडचा अपमान झाल्याच्या समजुतीने गोंधळ माजविला. अखेर तो शब्द बदलावा लागला, असे समकालीन वृत्तांत सांगतात. रात्रीच्या अंधारात उजळलेला शब्द इतर सर्व गोष्टींना मागे सारून लक्ष वेधतो व म्हणूनच त्याच्या सुवाच्यतेला विशेष महत्त्व असते, हे या प्रसंगातून दिसून येते.

डायोरामा : पुढे छायाचित्रणाचे एक जनक म्हणून ख्यातनाम झालेले लूई दागेर (१७८७–१८५१) यांनी शार्ल बूताँ यांच्या सहकार्याने १८२२ मध्ये पॅरिस येथे डायोरामा हे प्रेक्षागृह उघडले. तेथील चित्रे सु. २२ मी. रुंद व १४ मी. उंच असत. झडपा व रंगीत पडदे यांच्या साहाय्याने त्यांवर पडणारा दिवसाचा प्रकाश नियंत्रित केला जाई. १८३४ पासून दागेर यांनी कापडाच्या दोन्ही बाजूंवर भिन्न चित्रे रंगविण्याची पद्धती अवलंबिली. पुढील बाजूस दिवसाचे दृश्य असे; समोरचा प्रकाश कमी करून मागचा वाढविताच मागील बाजूवरील रात्रीचे दृश्य प्रकट होई आणि रिकामे दिसणारे चर्च उपासकांनी भरून गेलेले दिसे. पॅरिसचा डायोरामा मार्च १८३९ मध्ये आगीत नष्ट झाला. तथापि दागेर यांनी १८४२ मध्ये ब्री-स्यूर-मार्न येथील चर्चसाठी रंगविलेले अशा प्रकारचे चित्र अद्याप अस्तित्वात आहे.

चिनी मातीच्या पातळ पत्र्यावर उठावाने केलेली ‘लिथोफेन’ नावाची चित्रे ही याच काळातील आणखी एक निष्पत्ती होय. १८२७ मध्ये पॅरिस येथे पोल द बूर्गोआं यांनी तिचे एकस्व (पेटंट) घेतले. तीत रंग मुळीच नसतो. पत्रा जेथे जाड तेथे छाया व जेथे पातळ तेथे प्रकाश दिसतो. मागील प्रकाशातील चित्र मुख्यतः घनतेवर अवलंबून असते, हे या प्रकारात अगदी शुद्ध स्वरूपात दिसते.

काचेवरील छायाचित्रे : फिलाडेल्फियातील लँगेनहाइम बंधूंनी १८५० मध्ये काचेवरील पारदर्शक छायाचित्रांची पद्धती प्रचारात आणली. ही चित्रे मुख्यतः जादूच्या दिव्यासाठी (मॅजिक लँटर्नसाठी) वापरली गेली. महाराष्ट्रात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांसह १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशा दिव्याचे खेळ केले; त्यांतील पौराणिक प्रसंगांच्या काचा हातांनी रंगविलेल्या होत्या. प्रक्षेपित चित्र व पारप्रकाशित फलक हे दोन वेगळे प्रकार असले, तरी दोहोंतही प्रकाश चित्रातूनच जातो. त्यामुळे काचेवर पारदर्शक रंग लावण्याचे, त्यांची घनता राखण्याचे व उष्णतेने ते उडू न देण्याचे कौशल्य दोन्हींना समाईक होते.

वायुदीप व विजेचा दिवा : एकोणिसाव्या शतकात वायुदीपांमुळे पाश्चात्त्य शहरांतील दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहू लागली व काचेवर रंगविलेल्या अक्षरांमागे ज्योत ठेवलेले कंदीलवजा फलक रस्त्यांवर दिसू लागले. काजळी, उष्णता व आगीची भीती या त्यांच्या उणिवा होत्या. विजेच्या दिव्याने त्या बऱ्याच अंशी दूर केल्या. मात्र आरंभी या दिव्याचा उपयोग मुख्यतः दिव्यांच्या ओळींनीच अक्षरे साकारण्याकडे झाला. १८८२ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील विद्युत् प्रदर्शनात दिव्यांनी एडिसन यांचे नाव झळकविण्यात आले होते. पुढे फ्रेंच अभियंता झॉर्झ क्लोद (१८७०–१९६०) यांनी डिसेंबर १९१० मध्ये पॅरिस येथे निऑन नळीचे प्रात्यक्षिक केले आणि दोन महायुद्धांमधील काळात रस्त्यांवरील रोषणाईवर निऑनचेच वर्चस्व राहिले. निऑनची रेषा मोहक असली, तरी तीत छायाचित्र किंवा छापील चित्र दाखविता येत नाही. पारप्रकाशित फलकाला मोठे, थंड व सम प्रकाश देणारे साधन आणि न फुटणारे पारभासी द्रव्य यांची प्रतीक्षा होती.

अनुस्फुरक नळी व ॲक्रिलिक : या दोन्ही गोष्टी १९३० नंतरच्या दशकात उपलब्ध झाल्या. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट या प्लॅस्टिकचे पत्रे (ॲक्रिलिक) त्या दशकात इंग्लंडमध्ये ‘परस्पेक्स’ व जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ या नावांनी बाजारात आले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये अनुस्फुरक नळी विक्रीस आणली. युद्धकाळात ॲक्रिलिकचा वापर मुख्यतः विमानांसाठी झाला. युद्ध संपल्यावर ते फलकनिर्मितीकडे वळले. त्यात सूक्ष्म श्वेत कण मिसळून तयार केलेला दुधी पत्रा एकाच वेळी विसारक, चित्रवाहक व पावसापासून संरक्षण देणारे आवरण अशी तिन्ही कामे करतो. नळी तंतुदीपापेक्षा थंड व लांबट असल्याने पेटी उथळ करणे शक्य झाले. अक्षरे पत्र्याच्या मागील बाजूवर उलटी मुद्रित करण्याची पद्धत रूढ झाली. जाळीमुद्रणाने (स्क्रीन प्रिंटिंगने) शाईचा जाड व एकसारखा थर देता येत असल्याने मागील प्रकाशासाठी ते विशेष उपयुक्त ठरले. शिवाय शाई आतील बाजूस राहिल्याने ऊन व पाऊस यांपासून तिचे रक्षण होई. दुकानांच्या पाट्यांचे पुढील तीस-चाळीस वर्षांतील रूप या जोडीने निश्चित केले.

कोलोरामा : छायाचित्राच्या बाबतीत या तंत्राचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकातील ईस्टमन कोडॅक कंपनीचा ‘कोलोरामा’ हा फलक होय. १५ मे १९५० रोजी सुरू झालेला हा फलक १८ फुट उंच व ६० फुट रुंद (सु. ५·५ मी. × १८·३ मी.) होता. एवढ्या आकाराची फिल्म तयार होत नसल्याने प्रारंभी सु. १९ इंच (४८ सेंमी.) रुंदीच्या ४१ उभ्या पट्ट्यांवर चित्र वर्धित करून त्या जोडण्यात येत. चित्रामागे एक मैलाहून (१·६ किमी.हून) अधिक लांबीच्या शीत ऋणाग्र नळ्या होत्या. चित्र सामान्यतः दर तीन आठवड्यांनी बदलले जाई. १९९० मध्ये स्थानकाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी फलक काढण्यात आला, तोपर्यंत ५६५ चित्रे दाखविण्यात आली होती. ॲन्सेल ॲडम्स व एलियट पोर्टर यांसारख्या छायाचित्रकारांनीही त्यासाठी चित्रे घेतली. पट्ट्यांच्या सांध्यांवर घनतेत किंचितही फरक पडला, तरी तो उभ्या रेघेच्या रूपाने संपूर्ण चित्रात दिसे. त्यामुळे एकेक पट्टी समान काल प्रकाशित करणे व समान तापमानात संस्कारित करणे यांची अत्यंत कडक शिस्त पाळावी लागे. छापील कागदावर खपून जाणारा दोष मागील प्रकाशात खपत नाही, हे या फलकाने दाखवून दिले.

फिल्म व तिचा प्रसार : १९६३ मध्ये प्रचारात आलेल्या सिबाक्रोम या पद्धतीत रंगद्रव्ये फिल्ममध्येच असतात व नको तेथील रंग संस्करणात नष्ट केला जातो. हे रंग टिकाऊ असल्याने प्रकाशपेटीतील चित्रांसाठी तिला मान्यता मिळाली. पुढे कोडॅक कंपनीच्या ‘ड्यूराट्रान्स’ या फिल्ममध्ये विसारक दुधी थर फिल्मच्या आधारातच समाविष्ट करण्यात आला. ज्याँ-क्लोद दको यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे बसनिवारे सुरू केल्यानंतर यूरोपातील शहरांत हे फलक पादचाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. बसथांब्यांवरील अशाच जाहिराती पाहून कॅनडातील कलावंत जेफ वॉल यांना आपल्या माध्यमाची दिशा सापडली. १९७८ मधील ‘द डिस्ट्रॉइड रूम’ या कृतीपासून त्यांनी प्रकाशपेटीतील मोठी छायाचित्रे ही कलाकृती म्हणून प्रदर्शित केली. जाहिरातीचे साधन अशा रीतीने कलादालनात पोहोचले.

फ्लेक्स व अंकीय मुद्रण : ॲक्रिलिकच्या पत्र्याला आकाराची मर्यादा असते व मोठ्या फलकावर सांधे दिसतात. पॉलिएस्टरच्या धाग्यांच्या जाळीवर पॉलिव्हिनिल क्लोराइडचे (पीव्हीसीचे) लेपन केलेल्या लवचिक पारभासी कापडाने ही अडचण दूर केली. हे कापड चौकटीवर ढोलाच्या चामड्याप्रमाणे ताणून बसवितात. अमेरिकन उत्पादकांनी ‘फ्लेक्स-फेस’ या नावाने रूढ केलेला हा प्रकार भारतात केवळ ‘फ्लेक्स’ म्हणून ओळखला जातो. प्रारंभी त्यावर रंगीत पारभासी चिकटपट कापून लावीत. १९८० नंतरच्या दशकात हे कापण्याचे काम संगणकनियंत्रित यंत्रे करू लागली.

त्यानंतरचा निर्णायक टप्पा शाईफवारा (इंकजेट) मुद्रणाचा होय. उष्णतेने शाईचा थेंब फेकण्याचे तत्त्व १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीत आढळून आले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा या तत्त्वावरील ‘थिंकजेट’ मुद्रक १९८४ मध्ये बाजारात आला. मोठ्या फलकांसाठी प्रामुख्याने दाबविद्युत् स्फटिकांच्या साहाय्याने थेंब फेकणारी व विद्रावकयुक्त शाई वापरणारी यंत्रे प्रचारात आली. पुढे जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी तत्काळ घट्ट होणाऱ्या शाया उपलब्ध झाल्या. पूर्वी प्रत्येक चित्रासाठी जाळी किंवा पट्टी करणे आवश्यक असल्याने थोड्या प्रती महाग पडत; अंकीय मुद्रणाने एकच प्रतही स्वस्तात काढणे शक्य झाले.

दिवस व रात्र यांच्या मूळ अडचणीवरही या यंत्रांनी उपाय शोधला. पारदर्शक पृष्ठावर प्रथम चित्राचा एक थर, त्यावर पांढऱ्या शाईचा पातळ थर व त्यावर पुन्हा तेच चित्र, असे तीन थर एकावर एक अचूक जुळवून मुद्रित करतात. दिवसा पांढऱ्या थरापर्यंतचा एकच रंगथर दिसतो व प्रकाश त्यातून दोनदा जातो. रात्री दिवा लावताच दोन्ही रंगथरांतून प्रकाश एकेकदा जातो. वरील उदाहरणातील १/१६ हे प्रमाण अशा रीतीने दोन्ही वेळी साधले जाते. कागदाच्या दोन्ही बाजू रंगविणारे ओर्म आणि कापडाच्या दोन्ही बाजूंवर चित्र काढणारे दागेर यांनी हातांनी जे केले, त्याचेच हे यांत्रिक रूप होय. उत्तम प्रतीच्या कामात मुद्रणापूर्वी ज्या दिव्याखाली फलक लागणार त्याच दिव्यावर नमुना तपासतात. कारण दिव्याचा प्रकाश निळसर की पिवळसर यावर चित्रातील त्वचेचे व करड्या छटांचे रंग अवलंबून असतात. पारदर्शक चित्रे तपासण्यासाठी मुद्रण व्यवसायात आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५,००० केल्व्हिनच्या आसपासचा प्रकाश वापरतात. बाजारातील फलकांचे दिवे पुष्कळदा त्याहून निळसर असतात.

प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ : निक होलोन्याक (१९२८–२०२२) यांनी १९६२ मध्ये तांबडा दृश्य प्रकाश देणारा द्विप्रस्थ तयार केला; तथापि पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या द्विप्रस्थाची आवश्यकता होती. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांच्या संशोधनाने ती १९९० नंतरच्या दशकात पूर्ण झाली. या कार्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दिवे लहान असल्याने ॲक्रिलिकच्या पत्र्याच्या कडेला बसविता येतात. कडेतून शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पत्र्यातच पुढे जात राहतो व मागील बाजूवर छापलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर पडला, म्हणजे विखुरला जाऊन बाहेर येतो. दिव्यापासून दूर प्रकाश क्षीण होत असल्याने तेथील ठिपके क्रमाने मोठे ठेवतात. यामुळे पेटीची जाडी काही सेंटिमीटरांवर आली. पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता करारातील सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरविले. पाऊण शतक प्रकाशपेटीचा आधार असलेली नळी अशा रीतीने अस्तंगत होत आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : छापील फलकांपूर्वी महाराष्ट्रातील पाट्या व चित्रपटांचे भव्य फलक पेंटर हाताने रंगवीत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी पडदे व चित्रपटांची भित्तिपत्रके रंगविली. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून उपजीविका केली. ॲक्रिलिक व नळी यांच्या काळातही अक्षरे रेखाटण्याचे व कापण्याचे काम या कारागिरांकडेच राहिले, त्यामुळे व्यवसाय बदलला तरी बुडाला नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्सवरील अंकीय मुद्रण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, तेव्हा मात्र अनेक पेंटरांचे काम अल्पकाळात संपले. त्यांच्यापैकी काही संगणकावर संकल्पन करू लागले, अनेकांनी व्यवसाय सोडला. वळणदार देवनागरी लेखनाचे जे ज्ञान त्यांच्या हातात होते, ते बहुतांशी लिहून ठेवले गेले नाही.

या हानीचे स्वरूप केवळ भावनिक नाही. मागून उजळलेले पांढरे अक्षर काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्यक्षाहून जाड दिसते. प्रकाश अक्षराच्या कडेबाहेर सांडल्यासारखा भासतो. देवनागरीत ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील भेद शिरोरेषेतील एका लहान तुटीवर किंवा गाठीवर अवलंबून असतो. अक्षर ठळक केल्यास प्रकाशाने ही तूट बुजते, जोडाक्षरांची पोकळी भरून जाते आणि अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो. म्हणून प्रकाशित देवनागरी अक्षराची रेषा कागदावरील अक्षरापेक्षा बारीक, तूट रुंद आणि ओळींतील अंतर मात्रांना मोकळीक देणारे असावे लागते. अनुभवी पेंटर हे डोळ्यांच्या अंदाजाने करीत असे. संगणकातील तयार अक्षरे फलकावर जशीच्या तशी मोठी केल्यास ते साधत नाही.

हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा ठरला आहे. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन सर्व दुकानांच्या नामफलकांवर मराठी भाषा देवनागरी लिपीत असणे आणि ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये या तरतुदीच्या पालनासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे राज्यातील पाट्या मोठ्या संख्येने नव्याने तयार कराव्या लागल्या. अक्षराचा आकार कायद्याने ठरविता येतो. त्याची सुवाच्यता मात्र कारागिराच्या ज्ञानावरच अवलंबून राहते.

परिणाम व निर्बंध : स्वस्त मुद्रणामुळे वाढदिवस, निवडणुका, उत्सव इ. प्रसंगी अल्पकाळासाठी लावल्या जाणाऱ्या, बहुधा विनादिव्याच्या, फ्लेक्स फलकांची संख्या अतोनात वाढली. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये विनापरवाना फलक लावणे हा गुन्हा आहे व मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशा फलकांविरुद्ध कारवाई करण्याचे सविस्तर आदेश दिले. पॉलिव्हिनिल क्लोराइड व पॉलिएस्टर परस्परांपासून वेगळे करणे अवघड असल्याने वापरलेल्या फ्लेक्सचे पुनश्चक्रीकरण कठीण होते व ते उघड्यावर जाळल्यास घातक वायू निर्माण होतात. ग्रामीण भागात जुने फ्लेक्स छपरावर, कडब्याच्या गंजीवर वा ओट्यावर आच्छादन म्हणून वापरलेले आढळतात. केरळ राज्याने २०१९ मध्ये जाहिरातींसाठी अशा फ्लेक्सच्या वापरावर बंदी घातली. पर्याय म्हणून पॉलिव्हिनिल क्लोराइडविरहित पॉलिएस्टर कापडावर मुद्रण करून ते चौकटीच्या खाचेत बसविण्याची पद्धत प्रचारात आली असून तीत चौकट व दिवे तेच ठेवून केवळ कापड बदलता येते.

रात्रीच्या अनावश्यक प्रकाशाचाही विचार होऊ लागला आहे. फ्रान्समध्ये २०१२ च्या नियमांनी मोठी शहरे वगळता इतरत्र प्रकाशित जाहिराती रात्री १ ते ६ या वेळेत बंद ठेवणे आवश्यक केले व २०२२ मध्ये हे बंधन देशभर लागू करण्यात आले. लंडनमधील पिकॅडिली सर्कस येथील प्रकाशित जाहिराती दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ ते १९४९ या काळात बंद होत्या. तेथे २०१७ मध्ये सर्व जाहिरातींच्या जागी एकच विद्युत् पडदा बसविण्यात आला.

असे पडदे चलच्चित्र दाखवू शकत असल्याने मोठ्या चौकांत ते मुद्रित फलकांची जागा घेत आहेत. तथापि त्यांचा खर्च, वीज व देखभाल विचारात घेता दुकानाची पाटी, रुग्णालयातील दिशादर्शक, संग्रहालयातील चित्र यांसाठी मुद्रित पारप्रकाशित फलक अद्याप टिकून आहे. बारकावे, छटांची सलगता आणि दिवा नसतानाही वाचता येणे हे त्याचे गुण होत. वीज गेल्यावर विद्युत् पडदा कोरा होतो. दोन्ही प्रकाशांचा विचार करून केलेला मुद्रित फलक मात्र दिवसाच्या उजेडात आपले काम करीत राहतो.